सात खोकी आणि एक शब्द

"भाई के लिए ले रहे हो, मॅडम?" दुकानदार तेजराम भैयाने विचारलं, आणि मोनालीने हातातला कागद घडी करून पुन्हा उघडला.

एप्रिलची दुपार. भिलाईच्या सुपेल्यातली कॉम्प्युटरची गल्ली उन्हाने तापून निघाली होती. दुकानाच्या दारातला कूलर ओल्या वाळ्याचा वास आतल्यांना थोडा आणि रस्त्यावरच्यांना जास्त वाटत होता. गेमिंगचा कॉम्प्युटर घ्यायचा, तोही एकेक पार्ट निवडून, स्वतःच्या हाताने जोडायचा... पंधरा दिवस ती यादी लिहीत होती, खोडत होती. आणि दुकानात पाऊल टाकताच पहिला प्रश्न हा.

"कावून? मले खेळता येत नाई?" ती पुटपुटली. अगदी स्वतःशी, मराठीत. दुकानात, बाजारात, नेहरू नगरच्या कोचिंगमध्ये गणित शिकवताना ती हिंदीच बोलायची. मराठी म्हणजे घरात घालायचा जुना मऊ कुर्ता. तो घालून बाजारात कोण येतं?

"येते न. कावून नाई येत?"

शेजारच्या स्टुलावरून आवाज आला. मोनालीने वळून पाहिलं. निळ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेला एक तरुण, नखांच्या कडेला ग्रीसची बारीक काळी रेघ, आणि डोळ्यांत पकडल्यासारखं हसू... पण तिला नव्हे, जणू त्यालाच कोणीतरी पकडलं होतं.

"सॉरी," तो म्हणाला. "'कावून' हा शब्द आजीनंतर कोणाच्या तोंडून ऐकलाच नव्हता. नागसेन. चरोद्याच्या रेल्वे शेडमध्ये टेक्निशियन आहो."

"आजीकडून एवढंच शिकले का?"

"मम्मी रायपूर की है. घरात हिंदी चालते, नाही तर छत्तीसगढ़ी. आजीचं 'जेवला का', 'कोठं गेल्ता', आणि थोड्या शिव्या." तो जरा थांबला. "शिव्या आज नाही ऐकवत. पहली मुलाकात है."

तेजराम भैया कपाटात काहीतरी शोधत असल्यासारखा वळला. मोनालीला हसू आलं आणि ते तिने यादीवर सांडू दिलं. नागसेनने हात पुढे केला, पण कागद ओढला नाही. तिने देईपर्यंत हात तसाच हवेत राहू दिला. ते तिला आवडलं.

"प्रोसेसर चांगला निवडला तुम्ही. पण हा मदरबोर्ड... दोघांचा सॉकेट वेगळा. एका घरात बसतील, पण बोलणार नाहीत."

"मग?"

"मग दोघांतला एक बदलायचा. कोणता बदलायचा, ते तुम्ही ठरवा."

*तुम्ही ठरवा.* लहानपणी मोठा भाऊ सायबर कॅफेत खेळायचा, आणि मोनाली त्याच्या खुर्चीच्या मागे उभी राहायची. इकडे वळ, तिकडे लप, सगळं तिला आधी दिसायचं. पण माउसवर हात भावाचा. "तू चूप बस, तुले काय समजते," तो म्हणायचा, आणि त्याचे मित्र हसायचे. ती खुर्ची तिच्या मनातून कधी हललीच नाही. आता पगार स्वतःचा होता, खोली स्वतःची होती. आता खुर्चीही स्वतःची हवी होती.

तिने मदरबोर्ड बदलला.

मग एक रविवार, एक वस्तू. असं काही कोणी ठरवलं नव्हतं. पण सगळं एकदम घेऊन टाकावं, असं दोघांनाही सुचलं नाही. एका रविवारी रॅम, दुसऱ्या रविवारी एसएसडी. एका रविवारी तर फक्त एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पार्टना वीज वाटणारा डबा.

"हा काय स्क्रीनवर दिसत नाही," मोनाली म्हणाली. "स्वस्तातला चालन."

"नाही चालन. दिसत नाही, त्याच्याच भरोशावर सगळं असते."

"तुमच्या शेडमध्ये असं शिकवतात?"

"शेडमध्ये शिव्या देऊन शिकवतात. तुमाले प्यार से सांगून राहिलो."

'प्यार से' हे शब्द त्याच्या तोंडून सहज गेले आणि मग दोघांमध्ये उभेच राहिले. नागसेन डब्यावरचे आकडे फार लक्ष देऊन वाचू लागला. मोनाली कूलरकडे बघत राहिली.

कॅबिनेटच्या रविवारपर्यंत 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. तिला समोरून सबंध काच असलेलं कॅबिनेट हवं होतं, काळं, आतून निळ्या उजेडाचं. त्याने जाळीवालं दाखवलं.

"काच सुंदर दिसते," ती म्हणाली.

"दिसते. पण मे महिन्यात भिलाईत जीव गुदमरून जाईन मशीनचा. जाळीतून हवा येते."

"आणि स्टील प्लांटची लाल धूळ? ती नाही येणार?"

"येईन. ती मी पुसून देईन. महिन्यातून एकदा."

"किती महिने?"

त्याने काउंटरवरचा ग्लास उचलला. पाणी प्यायला, मग रिकामा ग्लास पुन्हा तोंडाला लावला. मोनालीने जाळीवालं कॅबिनेट बांधून घेतलं.

घरी खोक्यावर खोकं चढत होतं. तिची आई सुनिता झाडू मारता मारता थबकायची. "हे कूलर काय आणलं व? घरात कूलर हाय न एक."

"आई, तो आपल्यासाठी. हा प्रोसेसरसाठी, त्याच्याच खोक्यात आला."

"बाप्पा. त्याले बी गरम होते?" आणि झाडूच्या तालावर ती जात्यावरच्या चालीत, तिथल्या तिथे जुळवून म्हणायची:

*मोनाबाई माझी खोक्यावर खोकं रची*
*बाई, खोक्याच्या आडून वाट पाहते कोणाची*

मोनाली कानावर हात ठेवायची. पण रात्रंदिवस तेच कानात घुमायचं. कोणाची?

सातवं खोकं ग्राफिक्स कार्डचं. ते आलं आणि यादी संपली. आता रविवारी भेटायचं कशासाठी? येत्या रविवारी तो घरी येणार होता, कॉम्प्युटर जोडायला. बाबाही घरी असणार होते. त्याआधी तिला समजायला हवं होतं. दुपारी कोचिंगच्या रिकाम्या वर्गात बसून तिने मेसेज लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला.

*नागसेन, हे सगळं तू कावून करून राहिला? नुसती मदत, का अजून काही?*

त्याचं उत्तर नेहमी हिंदीत, लगेच यायचं. आज बराच वेळ फक्त 'लिहीत आहे' दिसत होतं. थांबत होतं. पुन्हा दिसत होतं. शेवटी आलं ते मराठीत. पहिल्यांदाच, पूर्ण मराठीत.

*खरं सांगू? मी पहिल्या दिवसापासून चेष्टाच करून राहिलो. रागावली तर नाई न?*

तिने ते तीनदा वाचलं. मग फोन टेबलावर पालथा ठेवला.

चेष्टा. म्हणजे 'प्यार से' ही चेष्टा. महिन्यातून एकदा धूळ पुसणं ही चेष्टा. रिकाम्या ग्लासातून पाणी पिणं... तेही. तिला पुन्हा त्या कॅफेतल्या खुर्चीमागे उभं राहिल्यासारखं वाटलं, आणि सगळे वळून हसत आहेत असं. खडूची धूळ हाताला लागली होती. तिने ती ओढणीला पुसली, मग बघितलं तर ओढणी चांगली होती.

फोन वाजला. तिने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी दोनदा वाजला. नाही उचलला.

रविवारी सकाळी तिने सातही खोकी जमिनीवर मांडली आणि चादरीवर मांडी घालून बसली. स्क्रू, बोर्ड, तारा. जानराव, तिचे बाबा, प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसमधून मागच्याच वर्षी रिटायर झालेले, टॉर्च धरून बसले. त्यांना या यंत्रातलं काही कळत नव्हतं, पण पंखे लागताना त्यांनी एकदाच विचारलं, "हवा कोठून घुसन आणि कोठून निंघन?" तिने बोटाने दाखवलं. "मग ठीक हाय," ते म्हणाले, आणि टॉर्च पुन्हा सरळ झाला.

प्रोसेसर बसवताना तिने श्वास रोखला. तो अलगद, काही जोर न लावता, आपल्या जागी उतरला. शेवटची तार जोडून तिने बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही... आणि मग पंखे फिरले, भावाच्या जुन्या मॉनिटरवर उजेड आला.

मोनाली बघत राहिली. हे तिने केलं होतं, एकटीने. आणि कोणाला तरी सांगावं म्हणून तिने मान वळवली, तर उजव्या हाताला नुसती रिकामी खोकी.

"तो पोरगा येनार होता न?" जानरावांनी टॉर्च बंद केला.

"नाही येणार. 'चेष्टा करून राहिलो' म्हणे."

"कोनाची?"

"माझी, बाबा. अजून कोणाची?"

"तसं लिवलं त्यानं? 'तुझी'?"

तिने फोन उघडला. वाचलं. 'तुझी' कुठेच नव्हतं. जानरावांनी फोन हातात घेऊन लांब धरला, चष्म्याच्या वरून वाचला, आणि त्यांचे खांदे हलू लागले.

"बाबा, हसता कायले?"

"अवं, मी भंडाऱ्याहून नवीन आल्तो प्लांटमध्ये. फोरमन इलाहाबादचा. त्यानं माझ्या रिपोर्टमध्ये लिवलं, 'कर्मचारी सदैव चेष्टाशील है.' मले वाटलं, हा मले मसखऱ्या म्हनते. आठ दिवस बोललो नाई त्याच्याशी. नवव्या दिवशी जाऊन विचारलं, साहब, मैंने कब आपकी चेष्टा की? तो म्हने, अरे जानराव, मेहनती लिखा है. कोशिश करने वाला." त्यांनी फोन परत दिला. "त्याइच्या शुद्ध हिंदीत चेष्टा म्हंजे कोशिश. पोरगा हिंदी शाळेतला हाय का?"

मोनालीने मान डोलावली. हिंदी शाळेत तीही शिकली होती. पण मराठी वाक्यात तो शब्द घरचा होऊनच आला होता, हिंदी पुस्तकातला अर्थ तिला सुचलाच नव्हता. तिने मेसेज पुन्हा वाचला. तीच अक्षरं. *मी पहिल्या दिवसापासून...* आणि कानाच्या पाळ्या गरम होत गेल्या.

तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"कोठं हायेस?"

"तुझ्या गल्लीच्या कोपऱ्यावर," नागसेन म्हणाला. "उसाच्या रसाच्या ठेल्याजवळ. एक घंटे से. आत येऊ का नको, समजत नव्हतं. तीन ग्लास रस झाला."

ती ओढणी डोक्यावर घेऊन उन्हात चालत गेली. ठेल्याचे घुंगरू वाजत होते. तो कडुनिंबाच्या चिंचोळ्या सावलीत उभा होता, शर्ट इस्त्रीचा, चेहरा नुकताच काहीतरी हरवून बसल्यासारखा.

"मी चुकीचं लिहिलं का?" त्याने विचारलं. "तुला आवडलं नाही, तर तसं सांग. मी परत नाही विचारणार."

"चेष्टा म्हणजे काय, नागसेन?"

"कोशिश," तो गोंधळला. "कोशिश लिहिणार होतो. मग वाटलं, ते तर हिंदी झालं. तुला मराठीत उत्तर द्यायचं होतं, तर जरा शुद्ध शब्द..." त्याने तिच्याकडे पाहिलं. "काय झालं?"

"आपल्या मराठीत चेष्टा म्हणजे मजाक."

नागसेनच्या चेहऱ्याचा रंग उतरला. ओठ हलले, तो मनातल्या मनात स्वतःचंच वाक्य पुन्हा वाचत होता, शब्द न शब्द. "म्हणजे मी... पहिल्या दिवसापासून..."

"हाव. आणि वरून विचारलं, रागावली तर नाई न."

"बाप रे." त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. बोटांच्या फटीतून म्हणाला, "मोनाली, आजी असती तर मारलं असतं मला."

"तिच्या शिव्या येतात न तुला? दे स्वतःला."

तो हसला, पण डोळे हसत नव्हते, ते तिच्यावर खिळले होते. ठेलेवाल्याने चरक थांबवला, आणि घुंगरांच्या मागची सगळी दुपार एकदम शांत झाली.

"मग कोशिशीला मराठीत काय म्हणतात?"

"प्रयत्न."

"प्र-यत्न." त्याने शब्द हळूच जिभेवर ठेवून पाहिला. मग सरळ उभा राहिला, पुस्तकातला धडा म्हणायला उभं राहावं तसा. "मोनाली, मी पहिल्या दिवसापासून प्रयत्न करून राहिलो. तू मले... मले हो म्हणावं म्हणून. अजूनही करून राहिलो."

मोनालीने ठेल्यावर ठेवलेला त्याचा अर्धा ग्लास उचलला आणि उरलेला रस पिऊन टाकला.

"आता नको करू," ती म्हणाली.

"कावून?" त्याचा आवाज बारीक झाला.

"जमलं न ते," मोनाली म्हणाली. "चल. बाबा वाट पाहून राहिले."