पाहुण्याचा झोपाळू अणू

लोणारच्या सरोवराकाठी एक यान उतरलं आणि त्यातून भोपळ्याएवढा, तीन डोळ्यांचा पाहुणा भोकाड पसरत बाहेर आला. खोटं वाटत असेल तर तिथल्या मोरांना विचारा, ते अजून त्याची नक्कल करतात!

काठावरच शर्वरी राहायची, आणि तिचे आजोबा, दिनूनाना, शास्त्रज्ञ. त्यांनी आधी पाहुण्याला पाणी दिलं, मग विचारलं, "काय झालं, बाबा?"

"मी बिबूक. घरची वाट या अणूत (पदार्थाच्या अतिसूक्ष्म कणात) साठवलीय. तो जागा असला तरच यानाला वाट कळते. उड्डाणाच्या तयारीला लागतो एक तास. तासाने बघावं तर अणू झोपलेला! अकरा झोपले. हा शेवटचा."

"मग मध्ये मध्ये बघायचं ना, जागा आहे का ते!" शर्वरी म्हणाली.

"शिव शिव! आमच्याकडे एकच प्रश्न दोनदा विचारणं असभ्य समजतात."

शर्वरीला हसू फुटलं. "नाना, दुपारी पेपर वाचताना तुम्ही पेंगता, तेव्हा मी काय करते?"

"डोकं खातेस! डोळा मिटतोय तोच 'झोपलात?' मी म्हणतो 'छे, जागाय!' आणि झोप पुन्हा पहिल्यापासून..." नाना ताडकन उठले. "अगं कार्टे!"

त्यांनी लेझर (एकाच रंगाचा शिस्तबद्ध प्रकाशझोत) आणला. "बघणं म्हणजे प्रकाशाने स्पर्श करणं. अणू हळूहळू थोडा जागा, थोडा झोपलेला असा होत जातो. पण विचारलं की त्याला एकच उत्तर द्यावं लागतं. लवकर विचारलं तर तो बहुतेक 'जागा' म्हणतो, आणि खरोखरच पुरता जागा होतो. पेंग पुन्हा शून्यापासून!"

"पण जास्त वेळा विचारलं तर चुकायची भीतीही जास्त ना?"

"तिथेच तर गंमत! सुरुवातीची पेंग फार मंद असते. दोन प्रश्नांमधला वेळ निम्मा केला, की दर प्रश्नाला धोका पावच उरतो. प्रश्न दुप्पट झाले, तरी एकूण धोका निम्मा! याला क्वांटम झेनो परिणाम (वारंवार मापन करून बदल रोखणं) म्हणतात."

लेझर सेकंदाला लाख वेळा विचारू लागला. बिबूकने लाजून तिन्ही डोळे झाकले. तास भरला. अणू टक्क जागा!

"तुझे आभार कसे मानू?" बिबूकने शर्वरीला विचारलं.

"पोचलास की माझी चौकशी कर," शर्वरी म्हणाली.

यान दिसेनासं झालं. नाना म्हणाले, "उद्या आपले क्वांटम संगणकही (अणूंसारख्या कणांत माहिती साठवणारे) त्यांच्या आठवणी अशाच जपतील, बघ."

संध्याकाळी रेडिओ खरखरला. "पोचलो! शर्वरी, बरी आहेस ना?"

"हो रे!"

"शर्वरी, बरी आहेस ना?"

ग्रहाची सगळी सभ्यता गुंडाळून ठेवून बिबूक पुन्हा पुन्हा विचारत राहिला. आणि शर्वरीही दर वेळी, जणू पहिल्यांदाच विचारलंय अशा आवाजात सांगत राहिली, "हो रे, बरी आहे!"