लालसाबचं नाव

सन १९२५. दिवाळी होऊन अकरा दिवस झाले होते, थंडी नुकती पडू लागली होती. बुधवारची रात्र, साडेनऊची वेळ. माझा चुलता मायाप्पा तेली होटगी रस्त्याकडच्या एका लहान दर्ग्यात तेल घेऊन निघाला. दर महिन्याच्या ग्यारवीला तिथल्या दिव्याचं तेल आमच्या घरचं असे. ग्यारवी म्हणजे बगदादच्या अब्दुल कादिर पीरांची रात्र. कादरी पंथ त्यांच्यापासून सुरू झाला. पुढचं मला चुलत्यानं सांगितलं, आणि तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. मध्ये कोणी बोलू नका.

दर्ग्याचा मुजावर दस्तगीर. ग्यारवीला तो शिजरा वाचायचा. शिजरा म्हणजे गुरूंच्या नावांची साखळी, बगदादपासून आपल्या गुरूपर्यंत. त्यातलं एकही नाव गाळायचं नसतं. दस्तगीर एक गाळत होता. वडिलांनंतर गादीवर थोरला भाऊ लालसाब बसला होता, आणि दस्तगीर त्याचाच शिष्य. अठरा सालच्या मानमोडी तापाच्या साथीत मरताना लालसाब म्हणाला, "गादी घे. शिजऱ्यात माझं नाव तेवढं देणं लागतोस." दस्तगीर हो म्हणाला. पण वडिलांनी गादी थेट आपल्यालाच दिली, असं त्यानं लोकांत पसरवलं. सात वर्षं भावाचं नाव वाचलं नाही.

आता त्याची एकुलती मुलगी जैनबी तापानं पडली होती. डॉक्टरनं हात टेकले होते. शिजरा वाचून पाण्यावर फुंकर घालायची आणि ते पाणी तिला पाजायचं, एवढंच उरलं होतं.

"माप बघून घ्या मुजावर. मागनं कमी भरलं म्हणाल," चुलता म्हणाला.

"तेल्याचं माप बघत बसलो तर हितंच उजाडंल की."

चुलता हसला. मग हळूच म्हणाला, "आज भावाचं नाव घ्या. पोरीसाठी तरी."

"तू वात बघ."

दस्तगीरनं पाण्याची वाटी पुढ्यात घेतली, शिजऱ्याचा कागद उघडला. आधी लांबची नावं झाली, बगदादची, बिदरची. मग इथं पुरलेल्यांची आली. त्यानं आज्याचं नाव वाचलं.

"जी."

आवाज कबरींकडून आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दस्तगीरनं वडिलांचं नाव वाचलं.

"जी." म्हातारा खोकून बोलायचा. तसंच.

दस्तगीरनं कागद मिटला. वाटीवर वाकला. फुंकर निघेना. वारा नव्हता. दिवा सरळ जळत होता. अंधारात कोणीतरी वाट पाहत होतं...

"मुजावर... एक राहिलं."

"न्हाय राहिलं."

त्यानं कागद पुन्हा उघडला. पहिल्यापासून वाचलं. आजा. "जी." वडील. "जी." तिथं थांबला.



"जी."

लहान पोरीचा आवाज.

"लालसाब," दस्तगीर म्हणाला. "लालसाब... भाई... लालसाब..."

कोणी ओ दिली नाही.

वाटी घेऊन दोघं घराकडे पळाले. दारात दस्तगीरची बायको बसली होती.

"आत्ता," ती म्हणाली. "कुणी हाक मारल्यागत 'जी' म्हणाली... आन् गेली."

दुसऱ्या दिवशी जैनबीला लालसाबच्या शेजारी पुरलं. संध्याकाळी दस्तगीरनं चुलत्याला बोलावलं, दौत मागवली आणि खिशातला कागद काढला. रात्रीपासून तो त्याच्या खिशातच होता. त्यानं कागद उघडला.

वडिलांच्या नावाखाली अंगठा उठला होता. लहान. शाई ओली होती.

दस्तगीरनं टाक दौतीत बुडवला. मग त्या अंगठ्याशेजारी त्यानं लालसाबचं नाव लिहिलं.

देणं फिटलं.