सांडासुर

दुष्काळाच्या त्या वर्षी हर्सूलजवळच्या नव्या कॉलनीत तीन दिवसांआड टँकर यायचा. वैदेही वाळूजच्या कारखान्यातून संध्याकाळी सुटायची, ती थेट रांगेत यायची. एके दिवशी पाणी भरून निघताना मागून कुणाचा तरी धक्का लागला आणि तिची भरलेली कळशी कलंडली. तापलेल्या मातीत पाणी पसरलं... आणि असा दरवळ उठला, की सगळी रांग क्षणभर गप्प झाली.

"सांडासुर आहात नुसते!" वैदेही गर्रकन वळून ओरडली.

समोरचा उंच तरुण आधी घाबरला, मग चक्क हसला. "काय म्हणलात? पुन्हा म्हणा की..."

"लाज नाही वाटत?"

"लई वाटते," म्हणत त्यानं स्वतःची भरलेली कळशी तिच्यापुढं ठेवली.

तो शिवराज. कन्नड तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. शेजारच्या इमारतीत खोली घेऊन दोन वर्षं एकटाच मोबाइलवरचा गेम बनवत होता. मग टँकरच्या दिवशी दोघं बोलत उभी राहू लागली. वरून कडुनिंबाचा मोहोर गळायचा, आणि रांग पुढं सरकूच नये असं वैदेहीला वाटायचं.

मे संपता संपता त्यानं फोन तिच्यासमोर धरला. पडद्यावर तळी गटागटा पिणारा, शिंगांचा राक्षस. खाली नाव — सांडासुर.

तिचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या रागाची चेष्टा चाललीय?"

"नाय हो! तीन महिने याला नाव सुचत नव्हतं, तुम्ही एका दमात दिलंत. अन् राक्षस मीच हाय... भुवया बघा त्याच्या."

तिनं पाहिलं. त्याच त्या जाड, जुळलेल्या भुवया! तिला हसू आवरेना.

शिवराज मात्र गंभीर झाला. "पुण्याची कंपनी गेम घ्यायला तयार हाय. पण नाव इंग्रजी ठेवा म्हणतात. मी नकार कळवतोय."

"वेडे आहात का? दोन वर्षं घालवलीत!"

"नाव तुमचं हाय. ते कसं पुसू?"

वैदेहीनं रिकामी कळशी खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "होकार कळवा. त्यांना हवं ते ठेवू दे. हे नाव... मला एकटीलाच वापरायचंय."

"किती दिवस?" त्याचा आवाज अगदी बारीक झाला.

"तुमच्या आईंना विचारून सांगते. कन्नडला कधी जायचं?"

शिवराज तिच्याकडं बघतच राहिला. मागून बायका ओरडल्या, "अगं, नंबर आला तुझा!" ती हलली नाही.

"रविवारी," तो म्हणाला. "पहिल्याच एसटीनं."