खोलीतला चौथा माणूस

"लोक अपघात म्हणतात," दुभाष्याची लेक म्हणाली. "पण बाबांना गॅसचा वास आला नाही, हे मला कुणी शपथेवर सांगितलं तरी पटायचं नाही."

ती खुर्चीच्या अगदी टोकावर बसली होती. तिचा नवरा मागे भिंतीला टेकून उभा होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता.

वहिनींनी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला. विमा कंपनीसाठी जळलेली घरं, गोदामं आणि कारखाने तपासण्यात त्यांची उभी हयात गेली होती. निवृत्त झाल्यावर लोक खाजगीत येऊ लागले आणि वहिनी तपासनीस म्हणून पुन्हा कामाला लागल्या. भावजी त्यांचे धाकटे दीर, शाळेत चित्रकला शिकवून मोकळे झालेले. गाडी चालवणं, पत्ते शोधणं आणि चुकीचे तर्क लढवणं ही त्यांची कामं. त्यातलं तिसरं ते जीव ओतून करत.

"नाक तिखट होतं का त्यांचं?" वहिनींनी विचारलं.

लेक हसली, आणि हसू आलं याचंच तिला वाईट वाटलं. "हे तेलशुद्धीकरण कारखान्यात आहेत, सिलिंडर भरायच्या विभागात सुपरवायझर. गॅसला वास यावा म्हणून ते औषध घालतात ना, त्याचा दर्प यांच्या कपड्यांना असतो. घरी आम्हाला कळतही नाही आता. पण बाबांकडे गेलं, की जिन्यात असतानाच आतून हाक यायची, 'जावईबापू, आधी शर्ट बदला!'"

"शेवटी सर्दी झाली होती त्यांना," जावई हळूच म्हणाला. "आदल्या दिवशी फोनवर बोललो. नाक पार चोंदलं होतं."

"झालं की मग!" भावजी म्हणाले. "सर्दी होती, म्हणून वास आला नाही. चहाला काडी ओढली आणि..."

वहिनींनी नुसतं पाहिलं.

"त्यांचं कुणाशी वाकडं होतं?"

लेकीने दाराकडे पाहून घेतलं. "तेलमंत्र्यांशी. म्हणजे, आता मंत्री आहेत. तेव्हा तेल कामगारांचे पुढारी होते. परदेशी तेल कंपनीशी बोलणी चालायची आणि बाबा दुभाषे. एकदा एका हॉटेलच्या खोलीत चौघंच बसले होते. मंत्री, कंपनीचा माणूस, त्याच्या देशाच्या हेरखात्याचा एक माणूस आणि बाबा. त्या बैठकीत मंत्र्यांनी स्वतःच्याच साथीदारांची नावं दिली. बाबांनी ती भाषांतर करून सांगितली. नंतर ते साथीदार एकेक करून उचलले गेले. तेलक्षेत्र कंपनीला मिळालं, आणि मंत्री तेव्हापासून वर चढत गेले."

"आणि हे सगळं बाहेर येणार होतं?"

"चौकशी आयोगापुढे साक्ष होती बाबांची. कागद एकही नाही. ते दोघं परदेशी केव्हाच मायदेशी परतले. बाबा म्हणायचे, त्या खोलीतला मी एकटाच उरलोय, जो खरं बोलू शकेल."

तिचा आवाज फाटला. नवऱ्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"घरी कोण कोण असतं?" वहिनींनी विषय बदलला.

"सासूबाई, आमची छोटी, आणि आता दीर. कारखान्याच्या संपात पकडले होते त्यांना. ना खटला, ना जामीन. बाबा गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी अचानक सोडलं. एवढं एकच काय ते बरं झालं बघा."

*

दुभाष्याचं घर पहिल्या मजल्यावर होतं. स्वयंपाकघराची खिडकी चौकटीसकट खालच्या आवारात पडली होती. ओट्यावरच्या भिंतीवर काळे लोळ होते. शेगडी वितळलेली नव्हती, नुसती वाकली होती. तिचं एक बटण पूर्ण उघडं होतं.

"कुलूप नवं आहे," वहिनी दारापाशी वाकून म्हणाल्या.

"साक्षीची नोटीस आल्यावर बसवलं बाबांनी," लेक म्हणाली. "एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे."

"तुमची कुठे असते?"

"घरी. दाराजवळच्या खिळ्याला."

अग्निशमनवाल्यांनी सिलिंडर बंद करून आवारात नेऊन ठेवला होता. वहिनींनी तो भिंतीपासून जरा सरकवायला सांगितला. भावजींनी जोर लावला आणि कंबर धरली. वहिनींनी झडप किंचित फिरवली, समोर तळहात धरला, लगेच बंद केली आणि तळहात पदराला चोळला.

भावजींनी नाक पुढे केलं. "कसलाच वास नाही. रिकामा दिसतोय."

वहिनी तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे निघाल्या.

शिंपीणबाईंना बोलायला कुणी हवंच होतं. "मंत्री आले होते ना आदल्या दिवशी! एवढा मोठा फुलांचा गुच्छ. पण दुभाषेकाकांनी साखळी काही काढली नाही. फटीतूनच बोलले आणि फटीतूनच वाटेला लावलं."

"आणखी कुणी?"

"एक चष्मेवाला असायचा समोर, फुटपाथवर. सरकारी वाटायचा. घरात मात्र नाही गेला कधी."

"स्फोट झाला त्या दिवशी तुमचं त्यांच्याशी बोलणं झालं?"

"बोलणं कसलं? ओरडणं! दुपारी वाचनालयात निघाले होते. मी मशीनवर, इस्त्री तशीच कोटाच्या बाहीवर. जिन्यातूनच ओरडले, 'अहो, कापड लागतंय!' मला जवळ असून पत्ता नाही आणि त्यांना पायऱ्यांवर कळलं."

"ते गेल्यावर वर कुणी आलं?"

"मशीनच्या आवाजात काय कळणार, बाई? एकदा जिन्यात धप्‌ धप्‌ झालं खरं, जड काही चढवल्यासारखं. मला वाटलं सिलिंडर आला. पण आमचा गॅसवाला रस्त्यापासूनच बोंबलत येतो. हा मुकाट्याने आला आणि मुकाट्याने गेला."

"आणि संध्याकाळी वास?"

"छे! काका आले, वर गेले, आणि..." त्यांनी कानांवर हात ठेवले.

*

मंत्र्यांनी भेट दिली, याचंच भावजींना नवल वाटलं. कचेरीतला गालिचा इतका जाड होता, की आपली पावलं आपल्यालाच ऐकू येईनात. कोपऱ्यातल्या खुर्चीत एक चष्मेवाला बसला होता. त्याची ओळख कुणी करून दिली नाही.

"दुभाष्या माझा मित्र," मंत्री म्हणाले. "तरुणपणी एका खोलीत राहायचो. साक्ष देऊ नकोस, अशी विनंती करायला गेलो होतो. नाही म्हणाला, मी परत आलो. विनंती करणं हा गुन्हा आहे का, ताई?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

"स्फोट झाला तेव्हा मी सभेत होतो. हे," त्यांनी चष्मेवाल्याकडे बोट केलं, "माझ्या मागे उभे होते. हजारो लोकांनी पाहिलंय."

परतताना भावजी उसळले, "हाच! तोंडावरून कळतं! या चष्मेवाल्यानेच कुलूप उघडलं असणार. आपल्या हेरखात्यातला दिसतोय तो, अशा माणसाला कुलूप ते काय?"

"मग गॅसला वास का नव्हता?"

"सर्दी..."

"भावजी, जिन्यात असताना इस्त्रीखालचं कापड ओळखणाऱ्याला कसली सर्दी?"

वहिनी दुभाष्याच्या घराशी पुन्हा उतरल्या. आवार झाडून लख्ख केलं होतं. सिलिंडर नव्हता. सरकारी गाडी येऊन घेऊन गेली, म्हणे.

वहिनी तिथेच पायरीवर बसल्या. घरी येऊन त्यांनी कारखान्यातल्या एका जुन्या ओळखीच्या इंजिनिअरला फोन केला आणि एकच प्रश्न विचारला. मग त्यांनी फोन ठेवला.

"कळलं?" भावजींनी विचारलं.

"कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं. मी हे काम परत करते, भावजी. उद्या त्या पोरीला सांगते, अपघातच होता."

*

पण सकाळी मंत्र्यांची गाडीच दारात आली. मंत्र्यांच्या बंगल्यातल्या बैठकीच्या खोलीत लेक आणि जावई आधीच येऊन बसले होते. दाराशी दोन पोलीस उभे होते. चष्मेवाल्याने खुर्ची पुढे केली.

"तुम्ही काल कारखान्यात फोन केलात, ताई," तो म्हणाला. आवाज मऊ होता. "काय निष्कर्ष काढलात, ते सगळ्यांनाच ऐकायचंय."

"अपघात होता," वहिनी म्हणाल्या.

"नाही!" लेक म्हणाली. "तुम्हाला काहीतरी कळलंय. या लोकांना घाबरून तुम्हीही...? मला ऐकायचंय, ताई. यांच्या तोंडावर ऐकायचंय!"

वहिनींनी मंत्र्यांकडे पाहिलं. मंत्री शांत होते. भावजींच्या लक्षात आलं, की या खोलीत तो एकटाच माणूस घाबरलेला नाही.

"तो सिलिंडर जड होता," वहिनी बोलू लागल्या. "म्हणजे भरलेला. झडप उघडली तेव्हा हात बर्फासारखा गार पडला. गॅस येत होता, पण वास नव्हता. गॅसला स्वतःचा वास नसतो. आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो, तो त्या औषधाचा. बाजारात येणाऱ्या प्रत्येक सिलिंडरमध्ये ते असतं. मी इंजिनिअरला विचारलं, औषध न घातलेला गॅस कुठे मिळतो? तो म्हणाला, कारखान्याच्या आत फक्त. औषध मिसळायच्या आधीच्या नळीवर."

लेकीने मान हलवली. अजून तिला काही कळलं नव्हतं.

"बाबांचं नाक इतकं तिखट, की साधा गॅस त्यांना दारातच कळला असता. हे ज्याला माहीत होतं, त्यानेच हा बेत केला. ते वाचनालयात गेल्यावर कुणीतरी सिलिंडर वर नेला. कुलूप तोडलेलं नाही, उचकटल्याची खूणही नाही. ते किल्लीने उघडलं होतं. आत जाऊन सिलिंडर बदलला, बटण उघडं ठेवलं, खिडक्या लावल्या. बाबा आले, वास नाही, चहाला काडी ओढली."

"किल्ली माझ्याकडे..." लेक म्हणाली, आणि थांबली.

"बाबांना सर्दी होती, असं एकाच माणसाने सांगितलं. वास का आला नाही याचं उत्तर, कुणी विचारायच्या आधीच त्याच्याकडे तयार होतं."

"आणि तुमचे दीर दुसऱ्याच दिवशी सुटले," वहिनी अगदी हळू म्हणाल्या. "त्यांना सोडायचं मंत्र्यांच्या हातात नव्हतं. यांच्या खात्याच्या हातात होतं." त्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं.

लेकीने नवऱ्याकडे तोंड वळवलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"त्यांनी त्याचे फोटो दाखवले," जावई म्हणाला. "भाऊ ओळखू येत नव्हता गं. तोंड असं... म्हणाले, आणखी आठवडाभर टिकणार नाही. आई रोज विचारायची, काय केलंस त्याच्यासाठी? मी म्हटलं, बाबा तसे थकलेतच... मी काय करू? मला सांग, मी काय करायचं होतं?"

लेकीचा हात तोंडाशी गेला आणि तिथेच राहिला.

"ऐकलंत?" भावजी ओरडले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "याने कबूल केलंय! यांनी करायला लावलं, कबूल केलंय!"

"कुणी लावलं?" मंत्र्यांनी विचारलं. "नाव काय त्या माणसाचं?"

जावयाने चष्मेवाल्याकडे पाहिलं. त्याचं नाव त्याला माहीत नव्हतं. खोलीत कुणालाच माहीत नव्हतं.

"तर्क अगदी निर्दोष आहे, ताई," मंत्री उठत म्हणाले. "मी एका शब्दाचीही दुरुस्ती करणार नाही. कारखान्यातला गॅस, घरातली किल्ली, जावयाचा हात. पोलीस दाराशी उभेच आहेत. माझ्या मित्राचा खुनी फासावर जावा, असं मलाही वाटतं." ते लेकीपुढे थांबले. "तू म्हण, बेटा. तू म्हणशील तसं. खून, की अपघात?"

तेव्हा कुठे भावजींच्या डोक्यात उजेड पडला. वहिनींना इथे का आणलं होतं, ते त्यांना समजलं. सत्याची भीती या माणसाला नव्हतीच. ते बोलून दाखवायला त्याला वहिनींसारखंच कुणीतरी विश्वासाचं हवं होतं, म्हणजे त्या पोरीचं तोंड कायमचं बंद झालं असतं.

वहिनींचे हात मांडीवर उलटे पडले होते. इतक्या वर्षांत भावजींनी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

लेक उभी राहिली. तिने खुर्चीची पाठ धरली.

"अपघात," ती म्हणाली.

"काय?" चष्मेवाल्याने विचारलं. त्याला नीट ऐकायचं होतं.

"अपघात होता."

मंत्र्यांनी मान डोलावली. पोलीस दारातून बाजूला झाले.

बाहेर लख्ख ऊन होतं. मंत्र्यांची गाडी उभी होती, पण वहिनी तिच्यात बसल्या नाहीत. त्यांनी हात करून टॅक्सी थांबवली. जावई फाटकाशी घोटाळत होता; जवळ यायचं त्याला धैर्य नव्हतं. लेक त्याच्यासमोरून त्याच्याकडे न पाहता आली आणि टॅक्सीत वहिनींशेजारी बसली.

"मला घरी सोडाल?" तिने विचारलं.

"कुठल्या घरी, बाळा?"

टॅक्सीवाला आरशातून पाहत होता. भावजी पुढे बसले होते आणि मागे वळायची त्यांची हिंमत होत नव्हती. वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे चल. आज तरी."

लेकीने खिडकीबाहेर पाहिलं, फाटकाकडे, तिथे उभ्या असलेल्या माणसाकडे.

"छोटी शाळेतून येईल आता," ती म्हणाली. "तिच्या आधी पोचायला हवं." आणि तिने टॅक्सीवाल्याला सासरचा पत्ता सांगितला.