पस्तीस गुणांचं घर

शिवडीच्या गृहजंतू प्रयोगशाळेत सकाळचे निकाल पडद्यावर आले, तेव्हा डॉ. इरावती टिपणीस दोन्ही हात पसरून कवचलेप वाळायची वाट बघत उभी होती. लेप ओला असताना कशालाही शिवायचं नाही, असा नियम. त्यामुळे स्वतःच्याच घरशोधाचा निकाल तिला शेजारच्या टेबलावरच्या डॉ. शबनम तांबोळीकडून ऐकावा लागला.

"उरणचं घर," शबनम म्हणाली. "पस्तीस."

"साडेतीन असतील. चष्मा लाव."

"लावलाय. छत्तीसातले पस्तीस. काय गं, कोणत्या देवाला नवस केला होतास?"

हे शबनम हसून म्हणाली खरी, पण तिच्या पोटात दुखलं, आणि ते तिने लपवलंही नाही. ती स्वतः वर्षभर पनवेलच्या बाजूला घर शोधत होती. तिचा आकडा एकविसाच्या वर कधी गेलाच नव्हता. इरावतीला मनातून गुदगुल्या झाल्या. आपल्याबद्दल कुणाला तरी असं वाटावं, असं बऱ्याच दिवसांत काही घडलं नव्हतं.

पस्तीस हा आकडा किती मोठा, हे कळायला थोडं मागचं सांगायला हवं. माणूस राहतो तिथे आपले जंतू सांडत राहतो. कातडीवरचे, केसांतले, घामातले. फरशीच्या सांध्यांत, दारांच्या कडांना त्यांची वस्ती होते आणि माणूस निघून गेल्यावरही ती काही महिने टिकते. प्रत्येक माणसाची वस्ती वेगळी, म्हणून तिला जंतुठसा म्हणतात. परक्या ठशाच्या घरात गेलं की पहिलं वर्ष शिंका, दमा आणि अर्धवट झोपेत जातं. जुळत्या ठशाच्या घरात माणूस पहिल्याच रात्री घोरतो. हे सिद्ध झाल्यावर उपनगरातले घरमालक शहाणे झाले. पूर्वी ते मासे खाता का, लग्न झालंय का, एवढंच विचारायचे. आता जुन्या घरातून फिरवलेला कापसाचा बोळाही मागू लागले. दोन घरांचे ठसे ताडून यंत्र गुण देतं. लोकांना पत्रिकेची सवय, म्हणून तेही छत्तीसातच ठेवलेले. अठराच्या खाली असतील तर घर बघायलाही जायचं नाही.

आणि जे हे ठसे तपासतात त्यांनी स्वतःचे जंतू नमुन्यांत मिसळायचे नाहीत, म्हणून कवचलेप. डोक्यापासून पायापर्यंत एक अदृश्य थर. तो अंगावर असला की माणूस खोलीत राहूनही खोलीत काहीच सोडत नाही. काढायचा तर तेल चोळून मग डाळीच्या पिठाने अर्धा तास खरवडावं लागतं. शबनम घरी जाण्याआधी रोज खरवडायची, कारण तिची मुलगी म्हणायची, "अम्मी, तुला प्लास्टिकच्या पिशवीचा वास येतो." इरावतीने तो उपद्व्याप कधीच सोडून दिला होता. सकाळी पुन्हा लावायचाच आहे, तर काढायचा कशाला, असं तिचं साधं गणित होतं. ती जुन्या थरावर नवा थर द्यायची.

"तुम्ही दोघं राहता ना गं घरात?" शबनमने विचारलं.

"दोघंच. मी आणि देवदत्त."

"तेच म्हणतेय. दोघांच्या घरात दोन ठसे मिसळलेले असतात. नेमकं तसंच मिश्रण दुसरीकडे मिळायचं म्हणजे अवघड. मी आजवर पस्तीस फक्त एकदा पाहिले. एका माणसाने नवं घर म्हणून चुकून स्वतःचंच राहतं घर पुन्हा तपासायला दिलं होतं." ती पर्स उचलून उठली. "चला, आज गुरुवार. लेकीला पोहायला न्यायचंय. पेढे आणून ठेव."

ती गेली आणि तिचं वाक्य मागे राहिलं. स्वतःचंच घर.

इरावतीने मनाला समजावलं की शबनमला बघवत नाही म्हणून ती बोलली. पण पाल चुकचुकली ती चुकचुकली. दादरची त्यांची इमारत पाडायला निघाल्यापासून देवदत्त आणि ती घर शोधत होते, आणि प्रत्येक घरात देवदत्तला खोट दिसायची. डोंबिवलीच्या घरात उजेड नाही. विरारच्या घराची मालकीण फार बोलते. बदलापूरच्या घराला नुसताच उजेड आहे, वारा नाही. त्याला पहिल्यापासून उरण हवं होतं. इरावती म्हणाली होती, "मला तुझं आणि माझं मत नकोय. यंत्राने सांगितलं तर जाऊ." तो नंतर त्या विषयावर बोललाच नव्हता. देवदत्त इतक्या सहज गप्प बसणारा माणूस नव्हे.

तिने उरणच्या नमुन्याचं ठसा-विलगन लावलं. घरात किती माणसं राहून गेली, ते यामुळे वेगळं कळतं. यंत्र घुमत राहिलं आणि म्हणालं, एक. प्रौढ पुरुष. बाकी दारापाशी कुणाच्या तरी येण्याजाण्याच्या पुसट खुणा.

तिच्या पर्सच्या तळाशी देवदत्तचा कंगवा पडलेला असायचा. तो निघताना विसरायचा, म्हणून ती बाळगायची. तिने दातांमधला एक केस काढून यंत्रात घातला. उत्तर यायला फार वेळ लागला नाही. तो पुरुष देवदत्तच होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आपला नवरा दुसऱ्या घरात राहतो. चोरून राहतो. एकटा राहायला कोण घर घेतं? तिने जाहिरातीतले फोटो मोठे करून पाहिले. रिकामी खोली, खिडकीला पिवळा पडदा आणि ओट्यावर पालथे घातलेले दोन निळे कप. एक नव्हे, दोन.

म्हणजे बाई होती. पण यंत्र तर एकच माणूस सांगत होतं. कपात चहा पिणारी आणि घरात स्वतःचा कणही न सोडणारी बाई. इरावती शास्त्रज्ञ होती, आणि मत्सर झाला म्हणून तिची बुद्धी काही बंद पडली नव्हती, उलट जास्तच जोरात चालायला लागली होती. घरात राहून घरात नसणं कुणाला जमतं? कवचलेप लावणाऱ्याला. आणि कवचलेप लावून दर गुरुवारी लवकर कोण बाहेर पडतं?

शबनम. देवदत्तने पुस्तकांसाठी काढलेली चित्रं बघून खळखळून हसणारी शबनम. आणि देवदत्त दर गुरुवारी प्रकाशकाकडे जातो म्हणाला होता. सकाळचं ते पोटदुखीचं नाटक, तो नवस, ते पेढे आठवून इरावतीच्या अंगाचा तिळपापड झाला. आज गुरुवारच होता.

तिने टॅक्सी बोलावली. खाडीवरच्या पुलावर गाडी आपली आपण धावत होती आणि इरावती आत बसून त्या दोघांना सुनवायची वाक्यं जुळवत होती. शबनमसाठीची वाक्यं पुलाच्या अर्ध्यातच तयार झाली. देवदत्तसाठी काही सुचेना. त्याच्याशी शेवटचं नीट कधी बोललो होतो, तेच आठवेना. त्याने त्या बाईला कुठल्या गोष्टी सांगितल्या असतील, कुठल्या गोष्टीवर तो हसला असेल, याचा विचार करून तिला रडू आलं. ते तिने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. लेपावरून पाणी तसंही नुसतं ओघळून जातं.

घर उरणच्या बाजाराच्या मागे, बैठ्या घरावर चढवलेला एक मजला. ओटीवर घरमालकीण सुपात सुकट निवडत बसली होती. पाटी होती, घरत. या बाईने लेप लावलेला नव्हता हे नाकाला लगेच कळत होतं.

"घर बघायला आलेय," इरावती म्हणाली.

"माणसं किती?" घरतकाकूंनी मान वर न करता विचारलं. हा प्रश्न इतक्या सगळ्या शास्त्रानंतरही पहिलाच होता.

"दोघं." हे उत्तर तिला पाठ होतं.

"मग बरं. मला खोलीत गर्दी नको, पण भुतासारखं एकटं माणूस पण नको. हा आधीचा एकटाच होता. गुणाचा हाय, पण एकटा. चावी द्यायला आलाय, वरच हाय बघ."

एकटाच, असं त्या म्हणाल्या. पण इरावतीच्या डोक्यात दोन कप होते. ती जिना चढली आणि दार ढकललं.

देवदत्त फरशीवर मांडी घालून पडद्याची कडी दुरुस्त करत होता. तिला पाहून तो दचकला, आणि मग लहान मुलासारखा लाजला.

"शबनम कुठाय?" इरावती म्हणाली.

"कोण, तुमची तांबोळी? ती इथे कशाला येईल?"

"मला वेडी समजू नकोस. तू इथे राहतोस. तुझा ठसा निघालाय."

"निघाला का?" तो उठून उभाच राहिला. "किती गुण आले?"

या प्रश्नाने तिचा तोल गेला. ती खिडकीच्या कट्ट्यावर बसली. समुद्राचा वारा आत येत होता आणि पिवळा पडदा तिच्या खांद्याला घासत होता.

"सांगतो," देवदत्त म्हणाला. "ओरडायचं ते नंतर ओरड. मला इथे राहायचं होतं. तू म्हणालीस, यंत्राने सांगितलं तर जाऊ. तुमच्या प्रयोगशाळेच्या माहितीपुस्तिकेची चित्रं मीच काढलीत, विसरलीस का? त्यात लिहिलंय, माणूस काही महिने राहिला की त्याची वस्ती घराला लागते. म्हटलं, विरजण लावतात तसं मीच लागतो. दिवाळीत ही खोली घेतली. तू निघालीस की मी यायचो. इथेच चित्रं काढायची, इथेच जेवायचं, दुपारी फरशीवर झोपायचं. तू यायच्या आत परत. दर गुरुवारी घरतकाकू खालून कालवण पाठवायच्या, म्हणून तेवढा दिवस प्रकाशकाचं नाव सांगून उशिरा परतायचो. आता खोली सोडली आणि त्यांना म्हटलं, बोळा फिरवून जाहिरात द्या."

"आणि मला कळलं कसं नाही?"

"कळायला तू घरी असायला हवीस ना." तो हे चिडून म्हणाला नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

"दोन कप कशाला?"

"एक तुझा. तू आलीस की लागेल म्हणून आणला. अजून वापरलेला नाही."

इरावतीने ओट्याकडे पाहिलं. एका कपाच्या कडेला चहाचा डाग होता, दुसरा कोरा होता. तिचा जीव भांड्यात पडला. शबनम नव्हती, कुणीच नव्हती. दुपारभर जिचा हेवा केला ती बाई जगातच नव्हती. तिला हसावंसं वाटलं.

"अगं, पण गुण सांग ना," देवदत्त म्हणाला. "मी हिशोब केला होता. आपल्या घरात दोघांचे ठसे, इथे माझा एकट्याचा. म्हणजे अर्धे जुळतील. अठरा. अठरा आले की तू बघायला तरी येशील, एवढंच मला पुरे होतं. आले का अठरा?"

"पस्तीस."

"पस्तीस कसे येतील? इथे तू कुठे होतीस?"

तो खरंच गोंधळला होता. त्याला चित्रं काढता यायची, ठसे वाचता यायचे नाहीत. इरावतीला यायचे. शबनमने सकाळीच विचारलं होतं, तुम्ही दोघं राहता ना. दोघांचं घर एकट्याच्या घराशी पस्तीस गुणांनी जुळूच शकत नाही. जुळायचं तर दोन्हीकडे एकच माणूस हवा. दादरच्या घरातला बोळा तिने स्वतःच्या हाताने फिरवला होता, उशांवरून, दाराच्या मुठींवरून, ओट्यावरून. त्या उशांपैकी एक तिची होती. तिच्यावर ती रोज झोपत होती, थरावर थर चढवून.

घरात राहून घरात नसणं कुणाला जमतं, हे तिने स्वतःच सिद्ध केलं होतं. फक्त बाई चुकीची धरली होती. उरणच्या घरात दुसरी बाई नव्हती, आणि दादरच्या घरात पहिलीही नव्हती.

तिला त्या खोलीचाच हेवा वाटला. या फरशीला, या कडीला, खालच्या काकूंच्या कालवणाला तो ठाऊक होता. तिने त्याच्या हातावर हात ठेवला. आपला हात त्याला कसा लागत असेल, हा विचार तिने इतक्या वर्षांत केला नव्हता. त्याने हात काढून घेतला नाही. त्याला सवय झाली होती.

जिन्यावर पावलं वाजली. घरतकाकू चहाचं भांडं घेऊन वर आल्या आणि दोघांना तसं बसलेलं बघून थांबल्या.

"म्हणजे ही तुझी बायको होय," त्या देवदत्तला म्हणाल्या. "मग घेताय ना खोली? माणसं दोघं, बरोबर?"

देवदत्त हो म्हणणार होता. इरावतीने मान हलवली.

"नाही काकू. इतके दिवस एकच होतं," ती म्हणाली. "दुसरं आज येतंय. तुमच्याकडे थोडं तेल आणि वाटीभर डाळीचं पीठ मिळेल का?"