एक टँकर, तीन विमानं

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं ते भर पावसात, मान वर करकरून. मोठ्या शहरावर वादळ होतं म्हणून त्याचं विमान आमच्या चिमुकल्या विमानतळाकडे वळवलं होतं, आणि आमचा जिना त्याच्या दारापर्यंत पोचतच नव्हता. हातभर कमी! मी शेवटच्या पायरीवर, तो दारात, आणि मध्ये नुसती हवा.

"मॅडम, उडी मारू का?"

"कागद आधी द्या, मग खुशाल मारा."

तो खो-खो हसला. को-पायलट होता. कागद देताना त्याची बोटं माझ्या ओल्या बोटांना लागली… आणि मी कितीतरी वेळ कागद उलटा धरून वाचत होते.

आमच्याकडे दिवसाला दोन छोटी विमानं येतात. एरवी धावपट्टीवरची कुत्री हाकलणं हेच माझं काम. त्यामुळे तो यायचा ते फक्त कुठेतरी हवा बिघडली की. मी त्याला ढगोबा म्हणायला लागले, तो मला स्टेशनमास्तरीणबाई. अहो-जाहो कधी सुटलं, कळलंसुद्धा नाही. पाऊस, धुकं, धुळीचं वादळ… सगळ्या जगाला ज्याचा वैताग, त्याची मी वाट बघायची. "अगं, आभाळ भरून आलं की तू पावडर कसली थापतेस?" आई विचारायची. मी काय सांगणार, कपाळ!

फोनवर रोज बोलायचो. जेवण, झोप, त्याच्या कॅप्टनचं घोरणं. सगळं बोलायचो – तेवढं एक सोडून.

मग परवाच्या सोमवारी सकाळीच त्याचा फोन.

"मला परदेशातली नोकरी लागली. शुक्रवारी निघतोय."

"अभिनंदन," मी म्हणाले.

"ऐक ना… आज हवा खराब आहे. तुझ्याकडे वळलो आणि मुक्काम पडला, तर संध्याकाळी तुझ्या बाबांना भेटायला येतो. एक विचारायचंय."

"आणि नाही पडला तर?"

"बघू… ढगांच्या मनात काय आहे ते."

असा राग आला म्हणून सांगू! माझ्या जन्माचा प्रश्न, आणि हा बाबा तो ढगांवर सोडून मोकळा. तरी मी बाबांना फोन केलाच. "आज पाहुणे येतील बहुतेक. तेवढा बनियन बदला."

दुपारी आभाळ फाटलं आणि एकामागोमाग तीन विमानं आमच्याकडे वळली. त्याचं तिसरं. वैमानिकांचे कामाचे तास ठरलेले असतात. ते संपले की विमान जागच्या जागी आणि वैमानिक मुक्कामाला. आमच्याकडे इंधनाचा टँकर एकच, आणि तो रांगेनेच जातो. तिसऱ्या विमानापर्यंत पोचेतो त्याचे तास संपणार होते. मला काही करायचंच नव्हतं हो. नुसतं गप्प बसायचं होतं!

मी त्याच्या विमानात पाण्याच्या बाटल्या द्यायला चढले, तर बाराव्या रांगेतल्या एका मुलीने माझा हात घट्ट धरला.

"ताई, किती वेळ लागेल हो? माझी आई… डॉक्टर म्हणालेत, संध्याकाळपर्यंतच. मी रस्त्याने जाऊ का?"

रस्ता पाण्याखाली होता. पुढची दोन्ही विमानं भलत्याच शहरांना जाणारी. "बघते हं," एवढंच मी म्हणाले आणि खाली उतरले. पावसात उभी राहिले. मनात आलं, ही मला कधी भेटलीच नसती तर? लाज वाटली, पण आलं खरं.

मग टँकरवाल्या काकांना म्हणाले, "आधी तिसरं."

"आणि रांग?"

"रांगेचं मी बघते."

बाकीच्या दोन्ही कॅप्टननी मला यथेच्छ झापलं. त्यांच्याकडे तास भरपूर होते, झापायलाही वेळ होता. तेवढ्यात तो जिना उतरून आला.

"टँकर आधी माझ्याकडे तू पाठवलास?"

"हो."

"म्हणजे… मी राहायला नकोय तुला."

"गाढवा, बाराव्या रांगेतल्या मुलीची आई शेवटच्या घटका मोजतेय."

टोपीवरून पाणी ठिबकत होतं, डोळे मात्र माझ्यावरच. "मग… इथेच विचारू?"

"नको. आत्ता विचारलंस तर मला रडू येईल, आणि मला अजून दोन विमानं भरायचीयेत."

त्याने मान हलवली, वर गेला, आणि दार बंद झालं. वेडाच आहे! नको म्हटलं की खरंच विचारायचं नसतं का?

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. मुलगी पोचली होती, आईने तिला ओळखलं होतं. मला खरंच बरं वाटलं. घरी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले. त्यांना बघितलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

शुक्रवारी दुपारी त्याने विमानात बसून फोन केला, प्रवासी म्हणून.

"हवा कशी आहे तिकडे?"

"लख्ख ऊन आहे."

"बरं… निघतो मग."

"थांब. माझं प्रेम आहे तुझ्यावर. ढगांना विचारू नकोस, मी सांगतेय."

"अगं… आत्ता? दार लावतायत."

"लागलं नाही ना अजून?"

पलीकडे कुणी बाई म्हणाली, "सर, फोन बंद करा, प्लीज." आणि फोन बंद झाला.

प्रवासी ऐन वेळी उतरला की त्याची बॅग विमानाच्या पोटातून शोधून काढावी लागते. उशीर होतोच होतो. आमच्या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे ते. मी ऑफिसात धावले, कॉम्प्युटरवर त्याचं विमान उघडलं आणि स्क्रीनसमोर हात जोडून बसले. उशीर, देवा, थोडासाच उशीर…

विमान वेळेवर सुटलं.