गिधाडाची नजर

पहिल्यांदा तो दारात आला, तेव्हा माझ्या हातात गिधाडाचं डोकं होतं.

“नंतर येऊ का?”

“या ना. हे चावत नाही.”

संग्रहालयात मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरायचं माझं काम. स्थळ आलं की आई ‘शिवणकाम करते’ म्हणून वेळ मारून न्यायची. तो पेंटर. शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी आणि गिधाड काचेच्या एकाच कपाटात बसणार होते. त्यांच्यामागचं आभाळ त्याला रंगवायचं होतं.

“एवढासा शिक्रा... आणि शेजारी हे धूड!”

“आकारावर जाऊ नका. शिक्रा जिवंत भक्ष्य उचलतो. धूड नुसतं वाट बघतं.”

“कशाची?”

“कुणीतरी मरायची,” मी म्हणाले. तो हसला आणि मला ते हसणं तिथल्या तिथे आवडलं.

गिधाडाला काचेचे डोळे बसवले आणि विचित्रच प्रकार सुरू झाला. संध्याकाळी मी त्याची मान खिडकीकडे करून जायची. सकाळी ती पेंटरच्या स्टुलाकडे वळलेली! वाळताना आतली तार पीळ खाते, हे मला ठाऊक होतं. म्हणून स्टूल दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी मान त्या कोपऱ्याकडे. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

शेवटच्या दुपारी ब्रश धुता धुता तो म्हणाला, “उद्या हृदयाचं ऑपरेशन आहे माझं. ह्याला आधीच कळलेलं दिसतंय.”

दोन महिने माझ्या तोंडातून प्रेमाचा शब्द फुटला नव्हता, आणि हे टकलं मात्र रोज त्याच्याकडे टक लावून बसलेलं! मी चिमटा उचलला आणि गिधाडाचे दोन्ही डोळे उपटून काढले. तीन आठवड्यांची मेहनत मातीत गेली.

“अहो! हे काय?”

“बघू दे आता कुणाकडे बघायचं ते!” मला रडूच फुटलं. “मला तुम्ही हवे आहात... जिवंत.”

त्याने ब्रश खाली ठेवला. पाठीमागे काहीतरी कुरकुरलं... तारच असेल. आम्ही दोघांनीही वळून पाहिलं नाही.

“उद्या याल?” त्याने हळूच विचारलं. “फॉर्मवर नातं लिहावं लागतं... मैत्रीण लिहू?”

“मैत्रिणीला बाहेर बसवतात.”

“मग—?”

“बायको लिहा,” मी डोळे पुसत म्हणाले. “आणि खोटं लिहिलं असं व्हायला नको. परत यायचं.”